दोन हिरांची पानगी

घिवली,
५ डिसेंबर १९६५

सुकाभावजींना जमुनाचा आशीर्वाद, आणि आयचा माज्याहून दुप्पट.

तुमी मुंबईहून टाकलेलं कार्ड मिळालं. बोट खोबरं भरायला फिलिपाइन्सला चाललीय आणि सेबूला लागणार हे वाचलं, आणि मी सुकटीच्या टोपलीपाशी तशीच बसून राहिले. तुमच्या भावाचं शेवटचं पत्र त्याच गावचं. नंतर त्यांची बोट परत आली, बोटीवरचे सगळे आले, रांधणारा भंडारी, म्हणजे तुमचे भाऊ, तेवढे आले नायत. कंपनीची माणसं म्हणाली, तुमचा माणूस तिथे जेवण-सामान आणायला उतरला तो परत चढलाच नाय. त्याला तीन वर्षं होऊन गेली.

आता तुमी तिथे जाताय तर माजं एवढं काम करा. ते हायत का नायत ते मला कळवा. दोन्हीतलं काय बी कळवा, पण कळवा. असं लिहिते म्हणून मला दगड समजू नका. एका माणसाने मला मागणं घातलंय. कोण ते आत्ता इचारू नका, माणूस वाईट नाय. जमातीची माणसं म्हणतात, नवरा गेला असेल तर खुशाल पाट लाव, जिवंत असेल तर त्याच्या तोंडून सोडल्याचं येऊ दे, पण ना धड हे ना धड ते असताना आमी काय ठरवायचं? त्यांचं बी खरं हाय. मी रोज कुंकू लावते, हातात हिरव्या बांगड्या घालते, आणि ते असलेल्या माणसाचं की नसलेल्या, ते मला ठाऊक नाय.

आयने नारळ सोडलाय तो सोडलायच. देवू दारात उभा राहील त्या दिवशी खाईन म्हणते. या किनाऱ्यावर नारळाशिवाय जेवायचं म्हणजे काय, ते तुमाला सांगायला नको. तिचं कालवण वेगळं शिजतं, चव ना ढव, आणि ती ते गप खाते. मला बघवत नाय.

शोधताना कचेऱ्यांत फार फिरू नका. तुमचे भाऊ जिभेचे गुलाम, ते कचेरीत कशाला जातील? जिथे गरिबाचं पोट भरतं, बायका रस्त्यावर तळत-भाजत बसतात, तिथे इचारा. आणि तिथे काय काय खाल्लं ते सगळं लिहा. आपली पोर सोमी आता चौथीत हाय, तुमची पत्रं घडाघडा वाचते, आणि आय खाण्याचा भाग दोनदा वाचायला लावते. तेवढाच वेळ ती हसते.

बाकी इकडे बिजलीच्या कारखान्याचं काम जोरात हाय. देशावरची माणसं, साहेब लोक, सगळी गर्दी. सुकट दारातूनच खपते.

तुमची वयनी,
जमुना


सेबू,
३० जानेवारी १९६६

जमुनावयनी, पाया पडतो. आईलाही सांगा पडलो म्हणून, नाहीतर म्हणेल बोटीवर गेला आणि रीत विसरला.

आमच्या इंजिनाने इथे पोचताच मान टाकली. सुटा भाग सिंगापूरहून यायचा आहे, तोवर मुक्काम इथेच. साहेब वैतागलेत, आम्ही खलाशी खूश. रोज दुपारनंतर मोकळा असतो आणि तुम्ही सांगितलंत तसा चुलीचुलीपाशी फिरतो. दादाला शोधायला फिरतोय की खायला फिरतोय, माझं मलाच कळेनासं झालंय.

आता आईसाठी लिहितो, सोमे, मोठ्याने वाच. इथे भात ताटात वाढत नाहीत. माडाच्या कोवळ्या पात्या विणून मुठीएवढी पिशवी करतात, तिच्यात तांदूळ घालून उकडतात आणि त्या पिशव्या घोसाने गाडीवर टांगून ठेवतात. आपण एक तोडून घ्यायची, सुरीने चिरायची आणि भाजलेल्या माशाबरोबर उभ्याउभ्या खायची. भांडं नाही, घासणं नाही. आई, तुझा जन्म इथे व्हायला हवा होता. केळी पंख्यासारखी चिरून पिठात बुडवून तळतात, ती मी इतकी खाल्ली की गाडीवाली मला लांबून बघूनच कढई चढवते. सकाळी आलं आणि नारळाचं दूध घातलेला चिकट भात आणि कोकोचं घट्ट कडू पाणी. सगळं चिल्लरीत. संध्याकाळी एक माणूस टोपलीत ऊनऊन अंडी घेऊन ओरडत फिरतो. मी हौसेने एक फोडलं तर आत पिल्लू, चोच-पिसांसकट. बरोबरच्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं. मी माझं समुद्राला दिलं.

सुकी मासळी विकायचा एक बाजारच आहे. तिथल्या वासात डोळे मिटले तर घिवली. तिथे मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पण खरी गंमत पुढे आहे. मासळीबाजाराच्या मागे, पाण्याच्या कडेला, लुसिंग नावाची एक बाई बसते. तांदळाचं पीठ ती ताडीने आंबवते. हो, इथेही ताडी आहे, फक्त झाडाची साल घालून लाल केलेली. पीठ केळीच्या पानावर ओतायचं, खाली निखारे, वर झाकणावरही निखारे. थेट आपली पानगी. इथे सगळ्याच बायका ती करतात आणि सगळ्यांची गोड असते. पण हिच्याकडे तिखटही मिळते. आत भाजलेल्या सुकटीचा चुरा, हिरवी मिरची आणि कसलंतरी वाळवलेलं आंबट फळ. इथली माणसं तिखट म्हणजे शिरक्यात एक मिरची बुडवून लांब ठेवणारी, आणि ही बाई ठेचा घालते! म्हटलं, काय एकेकाची चव असते. पान मिटून हिराने, माडाच्या पातीच्या काडीने, टाचते. गोड असेल तर एक हीर, तिखट असेल तर दोन, फुलीसारखे. म्हणजे न उघडता कळावं. आपल्या आईला हे कधी सुचलं नाही, तिला सांगा.

बाई जरा विचित्र आहे. मी पहिल्यांदा गेलो तर माझ्याकडे बघतच राहिली आणि एक पानगी जास्त दिली. बहुतेक इथल्या मानाने मी देखणा असेन. आणि कपडे सगळे काळे. या उकाड्यात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. मुंबईत बायका संक्रांतीला हौसेने काळं नेसतात, हिची रोजच संक्रांत. मी गमतीने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हटलं, तीळगूळ घ्या, गोड बोला. तिला काय कळणार, पण तिने तो रुमालाच्या टोकाला बांधून ठेवला.

दादाचा पत्ता नाही. बंदरात विचारलं, खलाशांच्या खाणावळीत विचारलं, लुसिंगलाही विचारलं. देवू नाव घेतलं तर तिने नुसती नाही म्हणून मान हलवली. तिला इंग्रजीचे चार शब्द येतात, मला तिची भाषा येत नाही. असेल कुठल्यातरी दुसऱ्या बेटावर. तुम्ही धीर सोडू नका.

तुमचा,
सुका


घिवली,
१६ फेब्रुवारी १९६६

सुकाभावजींना जमुनाचा आशीर्वाद.

पत्र पोस्टमनकडून मीच घेतलं आणि मीच आदी वाचलं. आयला वाचून दाखवताना लुसिंगबाईचा सगळा भाग गाळला. अंड्यातल्या पिल्लापाशी आय हसून हसून खोकायला लागली, तिला कळलं नाय.

भावजी, ती चव त्या बाईची नाय. माजी हाय.

सुकट घातलेली पानगी तुमच्या घरात कदी होत नव्हती. ती माज्या माहेरची, तुमी बोटीवर लागल्यावर मी इथे करायला लागले. आंबोशी वाटून घालायची ती बी आमचीच रीत. आणि दोन हीर टाचायचे ते तर कुणाच्याच घरचं नाय. सोमी लहान होती तेव्हा तुमच्या भावाने चुकून तिखट पानगी तिच्या हातात दिली. पोरीची जीभ भाजली, पार निळी होईपर्यंत रडली. तेव्हा त्यांनीच ठरवलं, आजपासून तिखटाला दोन हीर. तुमी तेव्हा आफ्रिकेच्या बोटीवर होता. पुडे आयने नारळ सोडला, आणि नारळाच्या दुधाबिगर पानगी कसली, ती या घरात बंदच झाली, म्हणून तुमाला ते कदी बघायला मिळालं नाय. तुमची चूक नाय.

आता माजं मन सांगते. मला राग आला. मी इथे सुकट निवडून निवडून बोटं सोलते, आणि माजा नवरा दुसरीच्या चुलीपाशी बसून तिला माजीच पानगी शिकवतो. तो दिवस मी आयशी बी नीट बोलले नाय. मंग वाटलं, माणूस घरापासून लांब गेला आणि जाताना माज्या हातचं तेवढं घेऊन गेला. या दोन्ही गोष्टी माज्या पोटात एकदमच राहतात, काय करू?

तिच्याशी भांडू नका. नाव बदललं असेल त्यांनी, म्हणून तिला देवू ठाऊक नाय. बरोबर फोटो पाठवते, आमच्या लग्नातला हाय, मला कापून त्यांचा तेवढा ठेवलाय. तो दाखवा आणि एकच इचारा, हायत का नायत. असतील तर म्हणावं तिकडेच सुखात राहा, फक्त मला सोडल्याच्या दोन ओळी लिहा. मी त्यांना नाव ठेवणार नाय.

मागणं घालणारा माणूस म्हणजे पुंजाराम. देशावरचा गवंडी हाय, कारखान्याच्या कामावर, सालवडला खोली घेऊन राहतो. त्याची बायको बाळंतपणात गेली. माज्याकडून सुकट न्यायचा. एक दिवस आयसमोर बसून सरळ बोलला, की पोरीसकट नेतो, म्हातारीलाबी टाकणार नाय. आय म्हणाली, माजा देवू येणार हाय. तो म्हणाला, मंग आला की मी उठून जाईन. त्याचं इथलं काम पावसाच्या आदी संपतंय. म्हणून घाई करते.

तुमची वयनी,
जमुना


सेबू,
११ मार्च १९६६

ती. जमुनावयनीस नमस्कार.

तुमचं पत्र आणि फोटो मिळाला. लुसिंगबाईकडे जाऊन आलो. बंदरातला एक फिलिपिनो कारकून बरोबर नेला होता, म्हणजे बोलणं नीट व्हावं.

तुमचं बरोबर होतं. पानगी दादानेच शिकवलेली. इथे त्याला दाविद म्हणत. तो तिच्या गाडीवर काम करायचा, ओळखीची बाई, एवढंच. भलतंसलतं मनात आणू नका. फोटो बघितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते निखाऱ्यांच्या धुराने. खूप धूर असतो तिथे.

दादा जिवंत आहे. तब्येत चांगली आहे. एका मोठ्या मासेमारी बोटीवर लांबच्या बेटांकडे गेला आहे, तिथे टपाल नाही, म्हणून पत्र येत नाही. पुढल्या वर्षी तो घरी येईल. हे कारकुनाने दोनदा विचारून खात्री करून घेतलं आहे.

आईला सांगा, देवू येतोय. आता नारळ फोड आणि खा. दारात उभा राहीपर्यंत थांबायची गरज नाही. मी धाकटा असलो तरी माझं एवढं ऐक म्हणावं. मला बोटीवर रोज खोबऱ्याच्या राशींवर झोपताना तिचं ताट दिसतं.

त्या गवंड्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या हातात बांगड्या आहेत त्या राहू द्या, मला त्या तशाच बघायच्या आहेत. मी लहान असताना मला भरवलं ते त्याच हातांनी. सोड-मोड करायची काही वेळ आलेली नाही.

खाण्याचं आज लिहीत नाही. पोट बरं नाही.

इंजिनाचा भाग आला. तो बसवून बोट एप्रिलअखेर सुटेल.

तुमचा,
सुका


बोईसर,
२ एप्रिल १९६६

सुकाभावजींना जमुनाचा आशीर्वाद.

हे पत्र घरी लिहिलं नाय. सुकट विकायला बोईसरला आले, टोपली रिकामी करून पोस्टाच्या पायरीवर बसून लिहिते, आणि इथूनच टाकणार.

तुमचं पत्र पाडव्याच्या तोंडावर आलं. मी खाली किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होते. पोस्टमनने ते सोमीच्या हातात दिलं आणि सोमीने उभ्याउभ्या आयला वाचून दाखवलं. मी वर आले तर अंगणात अर्धी आळी जमलेली. आयने नारळ फोडला होता. खवायला बी थांबली नाय, अर्ध्या कवडीला तसेच दात लावून खात होती, आणि पाणी हनुवटीवरून गळत होतं. तोंडात घास ठेवून मला म्हणाली, जमुने, येतोय गं माजा. आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, माज्या सुनेने वाट बघितली म्हणून येतोय.

भावजी, मला त्याच्या आदीच कळलं होतं.

तुमचं पहिलं पत्र मी टोपलीत घेऊन फिरायचे. दोन हिरांचं वाचलं तेव्हा दुसरं काय दिसलंच नाय. मंग एकदा ते काळ्या झग्याचं वाचताना मन अडकलं. संक्रांतीची हौस रोज कुणाला असते? फाल्गुनात आयचे डोळे दाखवायला पालघरच्या दवाखान्यात गेले होते. तिथली एक नर्स वसईकडची, किरिस्ताव. तिला इचारलं, तुमच्यात बाई रोज काळं कशाला घालते? ती म्हणाली, नवरा गेला की. वर्षभर घालतात, काही जणी तर जन्मभर. मी बरं म्हटलं आणि आयच्या डोळ्यांचं औषध घेतलं.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. आयने इचारलं, आत्ता कसली आंघोळ? म्हटलं, गाडीत कुणाच्या तरी मासळीचं पाणी अंगावर सांडलं. तीच माजी सुतकाची आंघोळ. दुसरी झाली नाय आणि होणार बी नाय. इकडे तुमी त्या बाईला तीळगूळ देऊन गोड बोला म्हणत होता. तुमाला ठाऊक नव्हतं, मी हसणार नाय तुमाला. पण तिने तो रुमालाला बांधला असं लिहिलंत, ते वाचून माजा तिच्यावरचा राग गेला. आणि रोज चुलीपाशी बसणारी बाई धुराने रडत नाय, भावजी. खोटं लिहायचं तर जरा बरं लिहायचं होतं.

तुमी का लिहिलं ते मला समजतं. आयसाठी लिहिलं, आणि माज्या हातांसाठी. तुमी मला आईसारखी मानता, मला उघड्या कपाळाची झालेली तुमाला बघवली नसती. मी तुमाला बोल लावत नाय. पण मी मागितलं होतं ते एवढंच होतं, आणि तुमी मला तेवढंच दिलं नाय.

मी खरं सांगायला उठले होते, हे बी लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी आयच्या पुढ्यात जाऊन बसले. ती नारळाचं दूध काढत होती. तीन वर्षांनी तिच्या हाताला तो वास. मला म्हणाली, बस, आज माज्या हातचं खा. तिच्या तोंडातला घास मी परत कसा काढू? मी बसले आणि जेवले.

पुंजाराम आला होता. अंगणातच उभा राहिला, वर चढला नाय. आयला म्हणाला, बरं झालं मावशी, ज्याचं माणूस त्याला मिळालं. आयने त्याला खोबरं दिलं, ते त्याने कपाळाला लावून खाल्लं. माज्याकडे एकदा बघितलं. मी खाली बघून सुकट निवडत राहिले. एक शब्द बोलले असते तर तो थांबला असता. या आठवड्यात तो काम सोडून गावाला गेला. त्याच्या खोलीत आता दुसरे कोण राहतात.

पाडव्याला आयने कासारणीला घरी बोलावलं. माज्या जुन्या बांगड्या पिचल्यात म्हणे, देवू आला तर काय म्हणेल. दोन्ही हातांत कोपरापर्यंत नवा हिरवा चुडा भरला. कासारीण म्हणाली, नशीबवान हाय तुजी सून. आयने सोमीला बी दोन भरल्या. मी हात पुढे करून बसले होते, हसत होते, सगळ्या बघत होत्या ना. त्या लुसिंगला काळं तरी नेसता येतं.

ते कशाने गेले, तापाने की दर्यात, मरताना जवळ कोण होतं, हे मला इचारायचं हाय. पण पत्रात नको. याल तेव्हा खाडीकडच्या विहिरीवर पाणी आणायला जाऊ, तिथे सांगा.

एक काम करा. बोट सुटायच्या आदी तिच्याकडे जा. तिला म्हणावं, दाविदची इकडली बायको तुला बोल लावत नाय. वाटलं तर असं बी म्हणा की मिरची थोडी भाजून घाल, म्हणजे सुकटीचा वास मरत नाय. ते त्यांना सांगायचं माजं राहून गेलं होतं. मंग दोन हिरांची एक पानगी घ्या, दर्याकडे तोंड करून बसा आणि माज्याकडून खा. मला इथे तेवढं बी करता येत नाय.

कशी लागली ते लिहू नका. पत्रं सोमी वाचते.

तुमची वयनी,
जमुना